आधी पैसे परत, मग वाद: आयर्लंडच्या ट्रॅकर कर्जांचं प्रकरण

गृहकर्जाची दोन-तीन वर्षांची स्थिर दराची मुदत संपत आली की आयर्लंडमधली बँक कर्जदाराला पत्र पाठवायची. सोबत एक फॉर्म. पुढे कोणता दर हवा त्या चौकोनात खूण करा आणि सही करून परत पाठवा. एक वर्ष स्थिर, तीन वर्षं स्थिर, पाच वर्षं स्थिर, नाहीतर बँकेचा स्वतःचा बदलता दर. 2008 नंतरच्या हजारो फॉर्मांवर आणखी एक चौकोन असायला हवा होता. तो नव्हता. त्या चौकोनाचं नाव ट्रॅकर.

लोकांनी जे छापलं होतं त्यातून निवड केली. जे छापलेलंच नाही ते मागायचं असतं, हे सामान्य कर्जदाराला कुठून सुचणार?

या गायब चौकोनाची आणि त्याच्या भावंडांची किंमत पुढे मोजली गेली. जुलै 2019 मध्ये आयर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने अंतिम अहवाल दिला तेव्हा सुमारे 40,100 कर्जखाती बाधित निघाली होती आणि बँकांना 68 कोटी 30 लाख युरो परत करावे लागले होते. 99 कुटुंबांचं राहतं घर गेलं होतं. हे आकडे बँकांनी आपणहून सांगितलेले नाहीत. ते ओढून काढावे लागले. त्या ओढाताणीत संसदेची अर्थ समिती आणि तिच्यातला डोनेगॉलचा एक खासदार, पिअर्स डोहर्टी, यांनी काय केलं आणि त्याने नेमका काय फरक पडला, हे मला इथे मांडायचं आहे. बँकेने घेतलेले जास्तीचे पैसे परत मिळवण्याचा प्रश्न वरवर हिशेबाचा वाटतो. खरा प्रश्न असतो तो बाधित कोण हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हातात आहे, हा.

ट्रॅकर म्हणजे काय

आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2019 पासून नवी बदलत्या दराची गृहकर्जं रेपो दरासारख्या बाहेरच्या दराला जोडावी लागतात. रिझर्व्ह बँकेने रेपो खाली आणला की हप्ता किंवा मुदत कमी व्हायला हवी, हे आता घराघरात माहीत आहे. ट्रॅकर हे साधारण त्याच जातीचं कर्ज, फक्त आयर्लंडने ते बरंच आधी पाहिलं. युरोपीय मध्यवर्ती बँकेचा मुख्य दर अधिक ठरलेला फरक, समजा एक टक्का. हा फरक कर्ज फिटेपर्यंत बदलायचा नाही. दोन हजारच्या दशकात घरांच्या किमती वर चालल्या होत्या, बँका एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून होत्या, आणि ट्रॅकर हे त्यांचं गिऱ्हाईक ओढण्याचं साधन होतं.

मग 2008 आलं. बँकांना स्वतःला पैसा महाग मिळू लागला. युरोपीय मध्यवर्ती बँकेने मात्र मंदीमुळे दर खाली आणायला सुरुवात केली. जुलै 2008 मध्ये 4.25 टक्के असलेला दर मे 2009 मध्ये 1 टक्क्यावर आला आणि मार्च 2016 मध्ये शून्यावर. म्हणजे बँकेने महाग पैसा आणायचा आणि ट्रॅकरवाल्याला तो स्वस्तात वापरू द्यायचा. प्रत्येक ट्रॅकर कर्ज बँकेच्या वहीत तोट्याचं खातं झालं. नवे ट्रॅकर देणं 2008 च्या सुमारास बंद झालं. पण आधी दिलेल्यांचं काय? तो करार होता. आणि करार आपल्याला महाग पडतोय म्हणून एका बाजूला तो मोडता येत नाही.

एक हिशेब घालून बघू. अडीच लाख युरोचं कर्ज, पंचवीस वर्षांची मुदत. दर 1 टक्का असेल तर महिन्याचा हप्ता साधारण 942 युरो. तेच कर्ज बँकेच्या बदलत्या दरावर, समजा साडेचार टक्क्यांवर, नेलं तर हप्ता 1,390 च्या घरात. महिन्याला जवळजवळ साडेचारशे युरोचा फरक, आणि तोही अशा वर्षांत जेव्हा आयर्लंडमध्ये पगार कापले जात होते, नोकऱ्या जात होत्या, घरांच्या किमती निम्म्यावर आल्या होत्या. शिवाय मोठ्या हप्त्यातला बराच भाग व्याजात जातो, मुद्दल हळूहळू उतरतं.

ट्रॅकर हिरावण्याच्या तऱ्हा तीन-चार होत्या. कोणी काही वर्षांसाठी स्थिर दर घेतला होता आणि मुदत संपल्यावर ट्रॅकरवर परत येण्याचा त्याचा हक्क करारात होता, तो त्याला सांगितलाच नाही. कोणाला परत आणलं, पण ठरल्यापेक्षा जास्त फरक लावला. कोणाच्या करारातली भाषा इतकी संदिग्ध होती की तिचा अर्थ बँकेने स्वतःच्या सोयीने लावला. माझ्या मते यातला शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तिथे बँकेला आपण चुकलो असं कबूलही करावं लागत नाही. ‘आमच्या वाचनानुसार’ एवढे दोन शब्द पुरतात.

मालक कोण होतं

आयर्लंडमध्ये हा विषय इतका का पेटला, याचं उत्तर सप्टेंबर 2008 मध्ये आहे. 29 तारखेच्या रात्री सरकारने देशातल्या प्रमुख बँकांच्या जवळपास सगळ्या देण्यांची हमी घेतली. हमीचा आवाका 440 अब्ज युरोंचा होता. पुढच्या काही वर्षांत बँका उभ्या ठेवायला करदात्यांचे 64 अब्ज युरो गेले. त्यातले एकट्या एआयबी (अलाइड आयरिश बँक्स) या बँकेला वीस अब्जांहून जास्त. नोव्हेंबर 2010 मध्ये देशाला स्वतःलाच युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीसमोर हात पसरावे लागले.

म्हणजे 2017 मध्ये संसदेत बँकांना जाब विचारला जात होता तेव्हा एआयबीचे सुमारे 71 टक्के आणि पर्मनंट टीएसबीचे सुमारे 75 टक्के भाग सरकारच्याच नावावर होते. ज्या माणसाने कर भरून बँक वाचवली, त्याच माणसाकडून तीच बँक हप्त्यात जास्तीचे पैसे घेत होती. आणि सरकार एकाच वेळी बँकेचं मालक होतं, कायदा करणारं होतं आणि बँकेची किंमत वाढावी म्हणून शेअर विकायला निघालेलं होतं. जून 2017 मध्येच एआयबीचे शेअर बाजारात आले होते. अशा घरात कर्जदाराची बाजू घेणारं कोणीतरी घराबाहेरचं लागतं.

डोनेगॉलचा खासदार

पिअर्स डोहर्टी यांचा जन्म 1977 चा, ग्लासगोमधला. वाढले डोनेगॉल परगण्यातल्या ग्वीडोरमध्ये, जिथे आयरिश भाषा घरात बोलली जाते. पक्ष शिन फेन. 2007 पासून ते वरिष्ठ सभागृहात होते. डोनेगॉल नैऋत्य मतदारसंघाची कनिष्ठ सभागृहातली जागा जून 2009 पासून रिकामी होती आणि सरकार पोटनिवडणूक लावतच नव्हतं. डोहर्टी उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने हा उशीर अवाजवी ठरवला, निवडणूक लागली आणि 25 नोव्हेंबर 2010 रोजी ते निवडून आले. तीनच दिवसांनी नाणेनिधीच्या मदतीचा करार जाहीर झाला. त्यांची कनिष्ठ सभागृहातली कारकीर्द देशाच्या सगळ्यात कडू आठवड्यात सुरू झाली, आणि पक्षाच्या अर्थविषयक भूमिकेची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

ते विरोधी पक्षाचे आहेत आणि पक्षाचं राजकारण त्यांच्या प्रत्येक भाषणात आहे. 2008 च्या बँक हमीच्या विधेयकाला त्यांच्याच पक्षाने कनिष्ठ सभागृहात पाठिंबा दिला होता. हे सांगायलाच हवं, नाहीतर चित्र एकांगी होईल. ट्रॅकरच्या लढ्याचं श्रेयही त्यांच्या एकट्याचं नाही. त्या वेळी फियाना फॉल पक्षाचे अर्थविषयक प्रवक्ते असलेले मायकेल मॅग्रा, अर्थ समितीचे अध्यक्ष जॉन मॅकगिनेस, आणि संसदेबाहेर पॉड्रिग किसेन हे आर्थिक सल्लागार, ज्यांनी कर्जदारांच्या फायली एकेक करून वाचल्या आणि चूक कुठे आहे ते दाखवून दिलं. किसेन यांच्यासारखा माणूस नसता तर खासदारांच्या हातात नुसता राग उरला असता.

डोहर्टींचं वैशिष्ट्य दोन गोष्टींत होतं. एक म्हणजे शब्द. बँका ‘त्रुटी’ म्हणत होत्या, ‘वारसाहक्काने आलेला जुना प्रश्न’ म्हणत होत्या. डोहर्टी त्याला चोरी म्हणत राहिले. शब्दाने एवढा काय फरक पडतो असं वाटेल. पण त्रुटी दुरुस्त करायची असते, चोरीत मात्र कोणी केली हे विचारावं लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे प्रश्नांचा नेटका पाठलाग. लेखी प्रश्न, समितीतले प्रश्न, पुन्हा लेखी प्रश्न. किती खाती? कोणत्या तारखेला कळलं? संचालक मंडळाला कधी सांगितलं? जप्तीच्या कारवाया त्या दिवशी थांबवल्या का? सभागृहातलं जोरदार भाषण टाळ्या मिळवतं. पण तारखेचा प्रश्न इतिवृत्तात राहतो आणि पुढच्या बैठकीला परत समोर येतो.

2015 पर्यंतची भिंत

हा घोळ 2015 मध्ये अचानक उगवला नव्हता. लोक आधीपासून तक्रार करत होते. वित्तीय लोकपालाकडे जायचं, तर त्या वेळच्या कायद्याने घटना घडल्यापासून सहा वर्षांच्या आत जावं लागायचं. गृहकर्ज पंचवीस-तीस वर्षांचं. फॉर्मवरचा चौकोन 2008 मध्ये गायब झाला आणि माणसाला 2015 मध्ये वर्तमानपत्र वाचून कळलं, तर मुदत संपलेली. ज्याच्यापासून गोष्ट लपवली त्यालाच उशीर झाला म्हणून परत पाठवायचं, असा हा नियम होता. तो बदलावा म्हणून डोहर्टी सतत मागे लागले होते. 2017 च्या लोकपाल कायद्याने अखेर दीर्घ मुदतीच्या आर्थिक सेवांसाठी गोष्ट कळल्यापासून तीन वर्षं, असाही मार्ग उघडला. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात टिकाऊ वाटतो तो हा बदल. त्यावर फारसं कोणी बोलत नाही.

पर्मनंट टीएसबीच्या काही कर्जदारांच्या तक्रारी लोकपालाने फेटाळल्या होत्या. ते उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. बँक सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि 2015 मध्ये तिने ते अपील मागे घेतलं. त्याच वर्षी तिने आणि तिच्या एका उपकंपनीने मिळून 1,372 खात्यांत गडबड झाल्याचं मान्य केलं. एका बँकेत हे झालं तर बाकीच्यांत झालं नसेल कशावरून? डिसेंबर 2015 मध्ये मध्यवर्ती बँकेने ट्रॅकर विकलेल्या सगळ्या बँकांना आपापली जुनी दप्तरं तपासायला सांगितलं.

या आदेशाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. कर्जदाराने अर्ज करायचा नव्हता. बँकेने स्वतःच्या फायली उघडून बाधित माणूस शोधायचा होता. सापडला की लगेच नुकसान थांबवायचं, म्हणजे योग्य दर लावायचा आणि चालू असलेली जप्तीची कारवाई रोखायची. मग जास्तीचं व्याज परत, वर भरपाई, आणि स्वतंत्र सल्लागाराची फी भरायला पैसे. पुढचं कलम सगळ्यात महत्त्वाचं: हे पैसे घेतले म्हणून कर्जदाराचा कुठलाही हक्क संपणार नव्हता. रक्कम कमी वाटली तर स्वतंत्र अपील मंडळाकडे जा, लोकपालाकडे जा, कोर्टात जा. अपिलात रक्कम वाढू शकत होती, कमी होऊ शकत नव्हती. आधी पैसे हातात, मग वाद.

पण या रचनेत एक मोठं भोक होतं. बँकांना परतफेडीचा थेट आदेश देण्याची ताकद मध्यवर्ती बँकेला 2013 च्या कायद्याने मिळाली होती आणि ती मागच्या काळाला लागू नव्हती. ट्रॅकरमधल्या बहुतेक चुका त्याआधीच्या. म्हणजे नियामकाकडे समजावणं, दबाव आणणं आणि पुढच्या दंडाची जाणीव करून देणं एवढंच होतं. बाधित कोण हे पहिल्या फेरीत बँकच ठरवणार होती. ज्याने पैसे घेतले त्यानेच कोणाचे घेतले ते सांगायचं! बाधित कोण आणि कोण नाही यांच्यातली रेघ बँकांनी आपल्या पायाजवळ ओढली, यात नवल नाही.

ऑक्टोबर 2017

दोन वर्षं हे भिजत घोंगडं पडून राहिलं. सप्टेंबर 2017 च्या अखेरीस बाधित खात्यांचा आकडा 20,100 होता. मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर फिलिप लेन समितीसमोर येऊन सांगत होते की काही बँका पुरेसं सहकार्य करत नाहीत.

12 ऑक्टोबर 2017 रोजी अर्थ समितीने एक साधी गोष्ट केली. बँकप्रमुखांऐवजी चार कर्जदारांना बोलावलं. उघड बैठक, कॅमेरे चालू. एरवी इथे ताळेबंद आणि भांडवलाची टक्केवारी बोलली जाते. त्या दिवशी माणसं बोलली. वर्षानुवर्षं बँकेला पत्रं लिहिल्याबद्दल, हप्ता भरता यावा म्हणून मुलांच्या कुठल्या गोष्टी कापल्या त्याबद्दल, तब्येत आणि संसार यांवर आलेल्या ताणाबद्दल. आपण कुठेतरी चुकलो, आपल्याला पैसा सांभाळता आला नाही, असं यांच्यापैकी काहींना कित्येक वर्षं वाटत राहिलं होतं. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. बँकेने नुसते पैसे घेतले नव्हते, दोषही त्यांच्या गळ्यात बांधला होता.

संध्याकाळच्या बातम्यांत ही माणसं दिसली आणि देशाचा सूर बदलला. अर्थमंत्री पास्कल डोनहू यांनी ऑक्टोबरच्या अखेरीस बँकप्रमुखांना एकेक करून बोलावून घेतलं. 1 नोव्हेंबरला बँक ऑफ आयर्लंडने आणखी सुमारे 6,000 ग्राहक बाधितांत धरले. डिसेंबरच्या मध्यापर्यंत सगळ्या बँकांचा मिळून आकडा 33,700 वर गेला. तीन महिन्यांत साडेतेरा हजारांहून जास्त खाती वाढली. त्या तीन महिन्यांत दप्तरं बदलली नव्हती, करार बदलले नव्हते, कायदाही बदलला नव्हता. आपल्याकडे म्हणतात, नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही.

समितीकडे दंड करण्याचा अधिकार नव्हता, बँकेचा परवाना रद्द करण्याचा नव्हता. तिच्याकडे एक खोली होती, खुर्च्या होत्या आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नोंदवणारा लघुलेखक होता. संसदीय कामाबद्दल हताश झालेल्या कोणालाही मी हे तीन महिने वाचायला सांगेन.

एक हजार युरोंचं पत्र

आकडे वाढले तरी एक गट रेघेबाहेर राहिला. एआयबीचे सुमारे 5,900 ग्राहक. त्यांच्या करारात स्थिर मुदत संपल्यावर त्या वेळी प्रचलित असलेल्या ट्रॅकर दरावर येण्याचा हक्क होता. बँकेने मान्य केलं की हा पर्याय आपण द्यायला हवा होता, तो दिला नाही. पण, बँक म्हणाली, तेव्हा आम्ही ट्रॅकर विकतच नव्हतो. विकत असतो तर त्याचा दर इतका चढा ठेवला असता की तुम्ही तो घेतलाच नसता. म्हणून तुमचं काही नुकसान झालेलं नाही. सेवेत कसूर झाली म्हणून एक हजार युरो घ्या, वर सल्लागारासाठी 615.

घरी आलेल्या या पत्राचा विचार करा. शेजाऱ्याला त्याच बँकेकडून वीस-तीस हजार मिळालेले असू शकतात, त्याचा दर खाली आलेला असू शकतो. तुमच्या करारातलं एक वाक्य वेगळं आहे म्हणून तुम्हाला हजार. आणि त्या वाक्याचा अर्थ लावायला बँक स्वतःच्या डोक्यातला, कधीच बाजारात न आलेला दर पुरावा म्हणून समोर ठेवते.

डोहर्टी आणि मॅग्रा यांनी हा गट सोडला नाही. बँकेचे अधिकारी समितीसमोर आले की हा प्रश्न आलाच. बँक जागची हलली नाही. शेवटी कोंडी फुटली ती लोकपालाकडे. एका कर्जदाराच्या तक्रारीवर 2020 मध्ये निकाल आला: कराराचा भंग झाला आहे आणि कर्जाच्या शिलकीतून 12 टक्के रक्कम वजा करावी. बँकेने तो निकाल त्या गटातल्या बाकी सगळ्यांनाही लावला. ज्यांनी कधी तक्रारीचा कागद भरला नव्हता, ज्यांनी ते हजार युरो घेऊन विषय सोडून दिला होता, त्यांच्याही कर्जातून 12 टक्के वजा झाले. हजार युरो घेताना त्यांच्याकडून हक्क सोडल्याची सही घेतली गेली नव्हती म्हणूनच हे होऊ शकलं.

दंडाची यादी पुढे 2022 पर्यंत लांबली. पर्मनंट टीएसबीला 2 कोटी 10 लाख युरो, केबीसीला 1 कोटी 83 लाख, अल्स्टर बँकेला 3 कोटी 78 लाख, एआयबी आणि तिची उपकंपनी ईबीएस यांना मिळून 9 कोटी 67 लाख. बँक ऑफ आयर्लंडला सप्टेंबर 2022 मध्ये 10 कोटी 5 लाख. 14 कोटी 36 लाखांच्या दंडावर तडजोडीची तीस टक्के सूट वजा करून. दंड संस्थांना झाला. फॉर्म कोणी छापला, तो कोणी मंजूर केला, याचं उत्तर त्यात नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांवर व्यक्तिगत जबाबदारी टाकणारा कायदा 2023 मध्ये झाला आणि त्यातली मुख्य तरतूद जुलै 2024 पासून लागू झाली. तो पुढच्यांसाठी आहे.

दुसरी रेघ

ट्रॅकरचं प्रकरण वाचताना मला सारखी आयर्लंडची दुसरी भरपाई आठवत राहिली. तिथे घेतला गेला तो पैसा नव्हता, माणसांचं बालपण आणि मातृत्व होतं.

चर्च आणि सरकार यांनी चालवलेल्या औद्योगिक शाळांत मुलांवर झालेल्या अत्याचारांसाठी 2002 मध्ये भरपाई मंडळ स्थापन झालं. पंधरा हजारांहून जास्त लोकांना तिथून पैसे मिळाले. पण कायद्यात एक कलम होतं. ओळख पटेल अशा रीतीने आपल्या अर्जाची किंवा मिळालेल्या रकमेची माहिती प्रसिद्ध केली तर तो गुन्हा, शिक्षा दोन वर्षं तुरुंगवासापर्यंत. लहानपणी गप्प बसवलेल्या माणसाला म्हातारपणी पैसे देऊन पुन्हा गप्प बसवायचं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कलम दोनदा तपासलं.

मग अविवाहित मातांच्या आश्रमगृहांचा विषय आला. ट्यूम गावातल्या गृहात मेलेल्या 796 मुलांची नोंद स्थानिक इतिहास अभ्यासक कॅथरिन कॉर्लेस यांनी मृत्यूचे दाखले जमवून काढली. चौकशी आयोग नेमला गेला. जानेवारी 2021 मध्ये त्याचा अहवाल आला: तपासलेल्या संस्थांत सुमारे 57,000 मुलं राहिली होती, त्यांतली सुमारे 9,000 मेली. तीशक, म्हणजे पंतप्रधान, मीहॉल मार्टिन यांनी दुसऱ्याच दिवशी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली.

माफीनंतर कायदा आला तो 2023 मध्ये. 80 कोटी युरोंची योजना, मार्च 2024 मध्ये अर्ज सुरू. आणि एक अट: जन्म तिथे झाला पण मूल म्हणून सहा महिन्यांपेक्षा कमी काळ तिथे काढला असेल, तर त्या माणसाला पैसे नाहीत. हयात असलेल्या सुमारे 58,000 जणांपैकी 34,000 पात्र, म्हणजे 24,000 रेघेबाहेर. पाच महिन्यांचं मूल आईपासून तोडून दत्तक दिलं गेलं तर ते तोडणं कायद्याच्या मोजपट्टीवर येत नाही, कारण मोजपट्टी गादीवर काढलेल्या रात्री मोजते. आणि जे पात्र आहेत त्यांनी पैसे स्वीकारताना सरकारवर खटला भरणार नाही अशी लेखी हमी द्यायची.

हे विधेयक चर्चेला असताना विरोधी बाकांवरच्या अनेकांनी ही अट काढा म्हणून सांगितलं. डोहर्टींच्याच पक्षाच्या कॅथलीन फंचन यांनी सांगितलं. गॉलवे पश्चिमच्या अपक्ष खासदार कॅथरिन कॉनोली यांनी वर्षानुवर्षं सांगितलं. त्या नोव्हेंबर 2025 पासून आयर्लंडच्या राष्ट्रपती आहेत. इथेही अस्वस्थ करणारी साक्ष होती, इथेही वर्तमानपत्रं भरून आली, इथेही समितीत नेमके प्रश्न विचारले गेले. पण समोरच्या खुर्चीत या वेळी बँक नव्हती. बँक रेघ चुकीच्या जागी ओढते तेव्हा तिला वर सरकारकडे, नियामकाकडे, लोकपालाकडे खेचता येतं. रेघ सरकारनेच, कायद्याच्या शाईने ओढली तर ती लोकपालालाही पुसता येत नाही. ती फक्त संसदच पुसू शकते, आणि संसदेत बहुमत सरकारचं असतं.

एआयबीचे 5,900 ग्राहक तक्रार न करताही आत आले, कारण त्यांची दारं बंद केलेली नव्हती. आश्रमगृहात जन्मलेल्या माणसाने अर्ज भरायचा, कागद शोधायचे, दिवस मोजायचे, आणि एकशे ऐंशी भरले नाहीत तर परत फिरायचं. पैसे घेणाऱ्या बँकेला आपले ग्राहक शोधायला लावणारा हाच देश आहे, आणि मुलं घेणाऱ्या व्यवस्थेने मात्र माणसांना शोधत जावं असं त्याच देशाला वाटलं नाही. हे मला समजून घेता येत नाही, आणि समजून घ्यायची इच्छाही नाही.

ट्यूमच्या त्या गृहाच्या जागेत मुलांचे अवशेष शोधायला जुलै 2025 मध्ये उत्खनन सुरू झालं. भरपाईचे अर्ज पाच वर्षं घेतले जाणार आहेत. सहा महिन्यांची अट कायद्यात आहे.